माया सोडून

संमतीपत्र तेवीस पानांचं.
मराठी कुणी केलं ठाऊक नाही,
पण ज्यानं केलं त्याच्या घरी कुणी आजारी नसावं.
'यादृच्छिक पद्धतीने गटनिवड', मी वाचलं,
आणि इंदुमती पोरे, वय एकसष्ट, राहणार गंज पेठ,
चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या,
म्हणजे चिठ्ठ्या टाकणार?
हो. कॉम्प्युटर टाकतो.
मग बरं. त्याच्याकडे वशिला चालत नाही.

पानापानावर सही.
सहाव्या पानाशी पेन थांबलं.
मला वाटलं, बाई घाबरल्या.
त्या माझ्या ॲप्रनकडे बघत होत्या.
खांदा उतरतोय तुमचा. अर्धा इंच.

चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत,
टेप गळ्यात असतो तो सवयीनं, माप डोळ्यांत.
डावी बाजू काढल्यापासून
स्वतःचं तेवढं सुनेकडून शिवून घेतात.

त्या दिवसापासून त्या शून्य-एक-सात.
दर तीन आठवड्यांनी गंज पेठेतून डेक्कन,
तिथून चालत एरंडवणे.
प्रवासखर्चाचे पाचशे दिले तर म्हणाल्या,
येऊन-जाऊन तीस लागले, बाकीचे कशाचे?
मी नियम दाखवला.
त्यांनी चारशे सत्तर वेगळ्या पाकिटात घातले.

डायरीत त्रास लिहायचा असतो.
त्यांनी लिहिलं:
मंगळवार, मळमळ, ताक घेतलं.
बुधवार, सुईत दोरा ओवता आला नाही.
गुरुवार, सहा काजं केली.
मी भरलं: हातापायांना बधिरता, श्रेणी दोन.
काजांसाठी रकाना नव्हता.

खाली तळघरात, अंधाऱ्या खोलीत,
यकृतातले तेच दोन डाग दर नऊ आठवड्यांनी मोजतात.
बावीस मिलिमीटर. एकोणीस.
मग अठरा, सोळा. मग पुन्हा सोळा.
मिलिमीटरनं अंग मोजतात होय?
शिलाईत थोडी माया नको का सोडायला?
सोडतात, मी म्हटलं. आकड्याच्या दोन्ही बाजूंना.
सात महिने म्हणतात ना,
ते पाचपासून अकरापर्यंत कुठेही असू शकतात.
त्यांनी जरा विचार केला.
मग कापणारा शहाणा आहे.

पाचव्या स्कॅनमध्ये
जिथे काही नव्हतं तिथे अकरा मिलिमीटर.
अभ्यासातून बाहेर पडण्याचं कारण:
चौकोनात खूण, आणि पुढे त्याच भाषांतरकाराचा शब्द,
प्रगती.
मी त्यावर हात ठेवणार होते. उशीर झाला.
नातवाचं प्रगतिपुस्तक आलं परवा,
गणिताखाली लाल रेघ.
आजीची बघा, झाली की हो प्रगती!
त्या हसल्या. माझं पेन खाली पडलं,
आणि ते उचलायला मला बराच वेळ लागला.

उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकेचाळीस. हिशेब जुळला.
मग ते पाकीट. सगळं तसंच.
पुढच्या बाईच्या रिक्षाला.
अठरा नंबरच्या. कशी आहे ती?
सांगता येत नाही, मी म्हटलं. पाकीटही घेता येत नाही.
कसल्या नोकऱ्या करता गं तुम्ही.

ॲप्रन मात्र त्यांनी नेऊन परत आणला होता.
खांदा आता खांद्यावर बसतो.
एकदा उलटा करून पाहिला:
आत अर्धा इंच माया सोडलीय,
उद्या अंग भरलं तर उसवून घ्यायला.

आता बारा आठवड्यांनी एक फोन. तीन चौकोन असतात:
हयात. मृत. संपर्क तुटला.
आज दुपारी लावला.
सून बोलली, हॅलो, कोण?
तिच्यामागे कुठेतरी मशीन चालत होतं,
थांबत, पुन्हा चालत, एका लयीत नाही.
मी नाव सांगितलं.
थांबा हं, ती म्हणाली,
आणि फोन कशावर तरी ठेवला, कापडावर असावा.
मी पेन धरून बसलेय.